हा वारसा आपला नाही

‘पश्चिम भोगवादी होती. विज्ञानाने तिला सुखसोयी दिल्या, शांती दिली नाही. मग १९६०च्या दशकात तिथली तरुण पिढी भारताकडे वळली, आणि आज तिकडे ध्यान, ऊर्जा, चक्रं, पुनर्जन्म, आकर्षणाचा नियम यांचा जो बोलबाला आहे ती आपलीच देणगी आहे.’ हे विधान मी व्याख्यानमालांत ऐकलं आहे, रविवारच्या पुरवण्यांत वाचलं आहे, आणि योगदिनाच्या भाषणांत तर ते ठरलेलंच असतं. ते इतक्या सहजपणे केलं जातं की त्याला पुरावा मागावा असं कुणाच्या मनातही येत नाही. मला ते अमान्य आहे. इतिहास म्हणून ते चुकीचं आहे आणि त्या चुकीची किंमत आपल्याच घरातली माणसं मोजत आहेत. म्हणून हा प्रतिवाद.

गंमत वाटावी असं काही नाही, पण नोंदवायला हवं की अमेरिकेतले कर्मठ ख्रिस्ती प्रचारकही नेमकं हेच सांगतात. फक्त त्यांचा सूर उलटा असतो. त्यांच्या लेखी ही सगळी पूर्वेकडून आलेली बाधा आहे. आपला अभिमान आणि त्यांची भीती एकाच समजुतीवर उभी आहे: चर्च आणि प्रयोगशाळा सोडून युरोपाकडे स्वतःचं असं काही नव्हतंच. वस्तुस्थिती अशी की भरपूर होतं, आणि ते चर्चच्या आतच होतं.

इटलीत सिएनाच्या कॅथीड्रलमध्ये मधल्या दारातून आत पाऊल टाकलं की पायाखालच्या संगमरवरी फरशीत एक मोठी आकृती जडवलेली दिसते. उंच टोपी घातलेला दाढीवाला पुरुष समोरच्या दोघांच्या हाती ग्रंथ सोपवतो आहे. हा येशू नव्हे, संत पीटर नव्हे, बायबलमधला कुणी प्रेषितही नव्हे. खालच्या लॅटिन ओळीत त्याचं नाव कोरलं आहे, हर्मीस ट्रिस्मेजिस्टस, आणि तो मोझेसचा समकालीन असल्याचंही तिथे म्हटलं आहे. ही फरशी १४८८ची. वास्को द गामाला कालिकतच्या किनाऱ्याला लागायला अजून दहा वर्षं होती.

एका बिगरख्रिस्ती, इजिप्ती समजल्या जाणाऱ्या ऋषीला कॅथीड्रलच्या उंबरठ्यावर जागा मिळाली ती एका हस्तलिखितामुळे. १४६०च्या सुमारास एका भिक्षूने ते ग्रीक बाड मॅसिडोनियातून फ्लॉरेन्सला आणलं. शहराचे सर्वेसर्वा कोसिमो दे मेदिची यांनी मार्सिलिओ फिचिनो या तरुण पंडिताला प्लेटोच्या भाषांतराचं काम दिलेलं होतं. प्लेटो राहू दे, हे आधी कर, असं त्यांनी सांगितलं. कोसिमो थकले होते, मरणापूर्वी त्यांना हर्मीस वाचायचा होता. १४६३ साली भाषांतर पुरं झालं आणि पुढच्याच वर्षी कोसिमो गेले. त्या ग्रंथांचा आशय थोडक्यात असा: माणूस मुळात दैवी आहे, त्याला त्याचा विसर पडला आहे, विश्व जिवंत आहे, वरच्या आणि खालच्या लोकांत सर्वत्र संबंधांचे धागे आहेत, जो स्वतःला ओळखतो तो ईश्वराला ओळखतो.

हे ऐकलं की मराठी श्रोता लगेच म्हणतो, ही तर उपनिषदं झाली. साम्य आहेच. पण साम्य दिसलं म्हणून उगम सिद्ध होत नाही. फिचिनो यांच्यासमोर उपनिषदं नव्हती. त्यांच्यासमोर प्लेटो होता, प्लॉटायनस होता आणि हे हर्मीसचे ग्रंथ होते. १४८६ साली पिको देला मिरांदोला यांनी आपल्या ९०० प्रमेयांत त्यात ज्यूंच्या कब्बालाची भर घातली, आणि पोपने त्या प्रमेयांवर बंदी आणली. आजच्या पर्यायी अध्यात्माचा पाया तिथे रचला गेला, तोही बायबल मानणाऱ्या माणसांच्या हातून.

१६१४ साली आयझॅक कॅझोबोन या विद्वानाने भाषेच्या पुराव्यावर दाखवून दिलं की हे ग्रंथ मोझेसच्या काळातले नाहीत. ते ख्रिस्तानंतरच्या पहिल्या काही शतकांतले आहेत. प्राचीनत्वाचा दावाच कोसळला. तरीही त्याच साली जर्मनीत कासेल इथे रोझिक्रूशियन बंधुसंघाचा पहिला जाहीरनामा छापून निघाला आणि असा काही संघ अस्तित्वात होता की नाही हे ठरण्याआधीच युरोपभर लोक त्याचं सभासदत्व शोधू लागले. या परंपरेचा हा स्वभावच आहे. पुरावा गेला तरी श्रद्धा दुसरा आधार शोधते. इजिप्त गेला की अटलांटिस येतो, अटलांटिस डळमळला की तिबेट. भारताचा नंबर या रांगेत पुष्कळ मागून लागला.

गर्लिट्झ या जर्मन गावातला याकोब ब्यॉम हा चांभार याच काळातला. कथलाच्या भांड्यावर चमकलेल्या उन्हातून त्याला १६०० साली दर्शन घडलं असं सांगतात. १६१२ साली त्याने ते लिहून काढलं, तर गावच्या पाद्र्याने गहजब केला, हस्तलिखित जप्त झालं आणि पुन्हा लेखणी उचलायची नाही अशी ताकीद मिळाली. इंद्रायणीतल्या वह्यांची गोष्ट ज्यांच्या कानात आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. ब्यॉमने पुढे काही वर्षांनी पुन्हा लिहायला घेतलं, आणि त्याचं लेखन इंग्लंडपर्यंत पोचलं.

पण आजच्या माणसाला ओळखू येईल असं पर्यायी अध्यात्म घडलं ते अठराव्या शतकात, आणि विशेष म्हणजे वैद्यकाच्या दारी. फ्रान्झ अँटन मेस्मर हा व्हिएन्नाचा डॉक्टर. विश्वात एक सूक्ष्म प्रवाह भरलेला आहे, शरीरात तो अडला की रोग होतो आणि तो मोकळा केला की रोगी बरा होतो, असा त्याचा सिद्धांत. १७७८ साली तो पॅरिसला आला. लाकडी टबाभोवती रोगी बसत, टबातून निघालेल्या लोखंडी दांड्या दुखऱ्या भागाला लावत, काचेच्या वाद्याचं संगीत चालू असे, आणि बघता बघता कुणाला झटके येत, कुणी रडू लागे. आज ‘एनर्जी हीलिंग’च्या शिबिरात अडलेला प्रवाह मोकळा करण्याची जी भाषा ऐकू येते ती शब्दशः मेस्मरची आहे. आपण तिला प्राणविद्या समजून मान डोलावतो.

१७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, लाव्हाझिए होते, डॉक्टर गियोतँ होते. फ्रँकलिन आजारी असल्याने काही प्रयोग त्यांच्या पासी इथल्या घरीच झाले. मेस्मरच्या शिष्याने बागेतलं जर्दाळूचं एक झाड ‘भारलं’. मग डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशी नेऊन मिठी मारायला लावलं. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला, पुढे डोकं गरगरू लागलं आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेलं झाड त्या चारांत नव्हतंच, ते लांब होतं. समितीचा निष्कर्ष स्पष्ट होता: प्रवाह वगैरे काही नाही, परिणाम कल्पनेचा आहे.

याच वादात एका गोमंतकीयाचं नाव येतं आणि तिथे आपले अभिमानी लेखक हमखास घसरतात. पणजीत मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. कोसळू पाहणाऱ्या स्त्रीवर हात पसरून ते उभे आहेत. कांदोळीला १७५६ साली जन्मलेल्या फारियांनी संमोहनाची विद्या भारतातून युरोपात नेली, असं आपल्याकडे मोठ्या प्रेमाने लिहिलं जातं. फारिया पंधराव्या वर्षी गोवा सोडून वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले. त्यांचं उच्च शिक्षण रोममध्ये झालं, तेही ख्रिस्ती धर्मशास्त्राचं. १८१३ साली पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग सुरू केले तेव्हा त्यांचा सामना होता मेस्मरच्या अनुयायांशी. त्यांचं म्हणणं असं की झोप आणणारी शक्ती झोपवणाऱ्याच्या हातात नसते, प्रवाहात तर नसतेच, ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात असते. म्हणून ते हातवारे करत नसत, समोरच्याला बसवून झोपायची आज्ञा देत. १८१९ साली निघालेल्या आपल्या ग्रंथावर त्यांनी स्वतःला ब्राह्मण म्हणवून घेतलं आहे हे खरं. पण ग्रंथातला युक्तिवाद पॅरिसच्या वादातून निघालेला आहे. फारियांचं मोठेपण गूढ शक्ती पूर्वेकडून आणण्यात नाही. अशी शक्ती नाही हे ठामपणे सांगण्यात आहे. त्यांना जादूगार ऋषी बनवून आपण त्यांचं खरं काम पुसून टाकतो आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

समितीने मेस्मरला खोटं ठरवलं तरी मेस्मेरिझम संपला नाही, अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेला. मेन राज्यातल्या बेलफास्ट गावी फिनियस क्विंबी नावाचा घड्याळजी होता. १८३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने मेस्मेरिझमचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि एका तरुणाला समाधीत घालून त्याच्या तोंडून रोग्यांचं निदान करून घ्यायला सुरुवात केली. मग त्याच्या लक्षात आलं की सांगितलेल्या औषधाऐवजी दुसरं काहीही दिलं तरी रोग्याला गुण येतो. यावरून त्याने अनुमान काढलं की रोग शरीरात नसतो, रोग्याच्या समजुतीत असतो. १८६२ साली त्याच्याकडे उपचारासाठी आलेल्या मेरी बेकर एडी यांनी पुढे ख्रिश्चन सायन्स पंथ काढला. इतरांनी न्यू थॉट नावाची चळवळ उभी केली: मन बदला, परिस्थिती बदलेल, विचार पाठवा, वस्तू येईल. फ्रँकलिनच्या समितीने जो निष्कर्ष भोंदूपणाविरुद्ध काढला होता त्याचाच इथे देव झाला.

आता या साखळीतला पुढचा दुवा नीट पाहावा. विल्यम वॉकर ॲटकिन्सन हे शिकागोत स्थायिक झालेले वकील, न्यू थॉटच्या मासिकाचे संपादक. १९०६ साली विचारांची कंपनं आणि आकर्षणाचा नियम या विषयावरचं त्यांचं पुस्तक निघालं. त्याआधी, १९०३पासून, ‘योगी रामचारक’ या नावाची पुस्तकं शिकागोहून निघू लागली होती: श्वासाचं शास्त्र, हठयोग, मानसोपचार. ती जगभर खपली, हिंदुस्थानातही भक्तिभावाने वाचली गेली. रामचारक नावाचा योगी असल्याचा कसलाही पुरावा नाही. ते लेखन ॲटकिन्सन यांचं होतं. न्यू इंग्लंडच्या घड्याळजीचं तत्त्वज्ञान भगवं नेसून आपल्या दारी आलं आणि आपण उठून त्याला नमस्कार केला.

यावर एक चांगला आक्षेप येऊ शकतो. २००६ साली गाजलेल्या ‘द सीक्रेट’च्या लेखिकेला स्फूर्ती मिळाली ती वॉलेस वॉटल्स यांच्या १९१०च्या पुस्तकातून, आणि वॉटल्स यांनी प्रस्तावनेत म्हटलं आहे की एकाच तत्त्वातून सारं विश्व निर्माण झाल्याचा विचार मूळ हिंदूंचा. म्हणजे त्यांनी स्वतःच कबूल केलं! पण त्या पुस्तकाचा विषय काय आहे? श्रीमंत कसं व्हावं याचं शास्त्र. ज्या अद्वैतात वैराग्य ही साधकाची आवश्यक पात्रता मानली आहे त्याचं नाव घेऊन पैशाची मागणी विश्वाकडे कशी नोंदवावी हे शिकवलेलं आहे. नाव आपलं घेतलं म्हणून विचार आपला होत नाही. उलट अशा वेळी आपण सावध व्हायला हवं होतं.

पुनर्जन्माबाबत तर हे आणखी ठळकपणे दिसतं, आणि आपला दावा सर्वांत पक्का वाटतो तो इथेच. पश्चिमेतले इतके लोक पुनर्जन्म मानतात तो आपलाच प्रभाव, असं आपण धरून चालतो. पण १७८० साली जर्मन विचारवंत लेसिंग यांनी मानवजातीच्या शिक्षणावरचा आपला छोटा ग्रंथ संपवताना प्रश्न टाकला होता की माणूस या जगात एकापेक्षा अधिक वेळा का येऊ नये. १८५७ साली पॅरिसमध्ये ॲलन कार्देक यांनी प्रेतात्म्यांशी झालेल्या प्रश्नोत्तरांचा ग्रंथ काढला आणि त्यात पुनर्जन्म हा केंद्रीय सिद्धांत केला. तो पुनर्जन्म कसा आहे? आत्मा एकेक जन्म घेत वर चढतो, शिकतो, कधीच मागे घसरत नाही, माणसाचा पशू होत नाही. ही इयत्तांची शाळा आहे. आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा आहे आणि सगळी धडपड तो चुकवण्याची. तुकोबांनी गर्भवासही मागून घेतला, पण तो भक्तीच्या सुखासाठी. वरच्या वर्गात जाण्यासाठी नव्हे. ‘मागच्या जन्मी मी इजिप्तची राणी होते आणि या जन्मी मला अमुक शिकायचं आहे’ असं सांगणारी न्यूयॉर्कची बाई लेसिंग आणि कार्देक यांची वारस आहे. तिच्या श्रद्धेच्या मुळाशी अठराव्या शतकातली युरोपीय प्रगतीची कल्पना आहे. ती आपल्या गळ्यात पडावी असं त्या श्रद्धेत काही नाही.

आता थिऑसफी. इथे माझे विरोधक म्हणतील की मादाम ब्लाव्हाट्स्की तरी भारतातूनच घेऊन गेल्या ना? तारखा पाहू. पुढे थिऑसफिकल सोसायटी काढणारे कर्नल ऑल्कॉट आणि ब्लाव्हाट्स्की यांची भेट १८७४ साली व्हर्माँट राज्यातल्या एका शेतघरी झाली, जिथे रोज रात्री भुतं बोलावली जात. अमेरिकेत हे वेड १८४८पासून होतं. त्या वर्षी हाइड्सव्हिलच्या फॉक्स बहिणींच्या खोलीत टकटक ऐकू आली होती. त्यांतल्या एकीने चाळीस वर्षांनी भरसभेत कबूल केलं की तो आवाज पायाच्या बोटांचा होता, मग ती कबुलीही मागे घेतली. थिऑसफिकल सोसायटीची कल्पना निघाली ती सप्टेंबर १८७५मध्ये न्यूयॉर्कला ब्लाव्हाट्स्कींच्या घरी झालेल्या एका व्याख्यानानंतर. व्याख्यानाचा विषय होता इजिप्ती लोकांचं प्रमाणशास्त्र. नोव्हेंबरात सोसायटी रीतसर सुरू झाली. १८७७चा ब्लाव्हाट्स्कींचा पहिला मोठा ग्रंथ हर्मीस, कब्बाला, नवप्लेटोवाद यांनी भरलेला आहे आणि त्यात पुनर्जन्म हा नियम नव्हे, अपवाद मानला आहे. पुढे विल्यम एमेट कोलमन या अमेरिकन टीकाकाराने त्यातली उसनी, श्रेय न दिलेली वाक्यं शोधून काढली. ती शंभरेक पुस्तकांतली होती आणि त्यातली बहुतेक एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत छापलेली.

एवढं सगळं झाल्यावर, १६ फेब्रुवारी १८७९ रोजी ही मंडळी मुंबईच्या धक्क्यावर उतरली. गिरगावात बिऱ्हाड केलं, ऑक्टोबरात इथूनच ‘द थिऑसफिस्ट’ मासिक सुरू केलं. आर्य समाजाशी त्यांनी आधीच युती केली होती. १८८२ साली ती तुटली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलवला. युती तुटण्याचं कारण बोलकं आहे: स्वामी दयानंदांना वेदप्रामाण्य आणि सगुण-साकार नसला तरी कर्ता असा ईश्वर हवा होता, या पाहुण्यांना दोन्ही नको होतं. स्वामींना जे १८८२ साली दिसलं ते आपल्याला अजून दिसत नाही. भारतात येऊन थिऑसफिस्टांनी पुष्कळ घेतलं हे मी नाकारत नाही. पण सांगाडा घरून आणलेला होता. त्यावर त्यांनी कर्म, चक्र, महात्मा ही वस्त्रं चढवली.

त्या वस्त्रांचा एक नमुना आज गल्लोगल्लीच्या योगवर्गांत भिंतीवर लटकलेला असतो. पद्मासनातली आकृती, पाठीच्या कण्यावर सात चक्रं, खालून वर तांबडं, नारिंगी, पिवळं, हिरवं, निळं, पारवा, जांभळं. प्राचीन भारतीय ज्ञान म्हणून तो तक्ता दाखवतात. ज्या संस्कृत ग्रंथामुळे चक्रं पश्चिमेला माहीत झाली तो पूर्णानंदांचा ‘षट्चक्रनिरूपण’ १५७७चा. जॉन वुडरॉफ यांनी १९१९ साली त्याचं इंग्रजी भाषांतर काढलं. त्यात मणिपूराच्या पाकळ्या पावसाळी ढगासारख्या काळसर आहेत, पिवळ्या नाहीत. अनाहताच्या पाकळ्या दुपारीच्या फुलासारख्या लाल आहेत, हिरव्या नाहीत. आज्ञाचक्र चंद्रासारखं शुभ्र आहे. तक्त्यावरचा क्रम न्यूटनच्या लोलकातून निघणाऱ्या सात रंगांचा आहे, आणि तो विसाव्या शतकात पश्चिमेतल्या गूढवाद्यांनी बसवला, १९७०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. आपल्या घरात ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं इतकं सविस्तर वर्णन असताना आपण कॅलिफोर्नियाचा तक्ता भिंतीवर लावतो आणि त्याखाली ‘ऋषिमुनींची देणगी’ असं लिहितो.

या वादाची अभ्यासू बाजूही आहे, आणि तिच्याशी प्रामाणिक राहायला हवं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ कॉलिन कॅम्बेल यांनी २००७च्या आपल्या ग्रंथात मांडलं की १९६०नंतर पश्चिमेची विश्वदृष्टीच पौर्वात्य होत गेली. त्यांनी पश्चिमेतल्या देशी प्रवाहांचीही दखल घेतली आहे, म्हणून त्यांचा युक्तिवाद आपल्या भाषणबाजीपेक्षा कितीतरी भारी आहे. तरीही मला वाटतं की ॲमस्टरडॅमचे वाउटर हानेग्राफ यांचं म्हणणं पुराव्याला अधिक धरून आहे. १९९६च्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की न्यू एज, म्हणजे आजचं हे पर्यायी अध्यात्म, पश्चिमेच्याच गूढ परंपरेचं इहवादी युगातलं रूप आहे. पूर्वेतून आलेल्या गोष्टी तिथे टिकल्या, पण आधीपासून असलेल्या साच्यात बसल्या तेवढ्याच.

इमर्सनचं उदाहरण घ्या. अमेरिकेवरच्या भारतीय प्रभावाचा पहिला साक्षीदार म्हणून त्यांना उभं केलं जातं. विद्यार्थिदशेत त्यांनी हिंदुस्थानाविषयी थोडंफार वाचलं होतं. पण पाद्रीपदाचा राजीनामा त्यांनी दिला १८३२ साली. देव प्रत्येकाच्या आत आहे, मध्यस्थाची गरज नाही, या आशयाचं त्यांचं हार्वर्डमधलं गाजलेलं भाषण १८३८चं. गीतेचं भाषांतर त्यांच्या हाती नीट लागलं १८४५ साली. बंड आधी, गीता नंतर. बंडाची सामग्री स्वीडनबॉर्ग, प्लॉटायनस आणि जर्मन तत्त्वज्ञान यांनी पुरवली होती. गीतेत त्यांना आपल्या मनातलं सापडलं म्हणून ती त्यांना इतकी आवडली.

जे खरोखर इथून गेलं ते मी मोकळेपणाने मान्य करतो. दारा शुकोहने फारसीत करवून घेतलेली उपनिषदं लॅटिनमधून शोपेनहॉअरपर्यंत पोचली. विवेकानंद, योगानंद यांचं कार्य आहे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांना १९५२ साली येहुदी मेन्युइन भेटले आणि १९६६ साली ‘लाइट ऑन योग’ निघालं. जगभर आज शिस्तीत आसनं करणारी माणसं त्यांची ऋणी आहेत. हे श्रेय खणखणीत आहे, आणि ते पुरेसं आहे. याउलट कोरेगाव पार्कात १९७४नंतर रजनीशांच्या आश्रमात जे एन्काउंटर ग्रुप आणि थेरपीचे वर्ग चालले ती कॅलिफोर्नियातल्या एसालेन संस्थेच्या वळणाची, पाश्चात्त्य मानसोपचारातून निघालेली रीत होती. परदेशी साधक पुण्यात येऊन पुष्कळदा आपल्याच देशातलं शिकत होते.

यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. कॅन्सरच्या रुग्णाशेजारी बसून नातेवाईक सांगतात की तू नकारात्मक विचार केलेस म्हणून हा आजार ओढवून घेतलास. आता कंपनं बदल. हे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर वेदनेबरोबर अपराधाची जी छाया पसरते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा पुस्तकी वाद वाटणार नाही. हे सांगणारी माणसं वाईट नसतात. आपण ऋषींचं वचन सांगतो आहोत असं त्यांना खरंच वाटत असतं, आणि ऋषींचं म्हटल्यावर उलट प्रश्न विचारायची घरात कुणाची छाती होत नाही. तो विचार क्विंबीचा, ॲटकिन्सनचा आहे, हे कळलं तर निदान त्याची तपासणी करता येईल. कर्मसिद्धांतही रोग्याला दोष देतोच की, असं म्हणाल तर ते खरं आहे, आणि त्याच्याशी फुले-आंबेडकरांनी उघड झुंज घेतली. त्या टीकेची आपल्याकडे परंपरा आहे. या आयात विचाराला मात्र आपण स्वदेशी समजून टीकेतून सूट दिली आहे.

शेवटचा प्रश्न राहतो: मग त्यांना गुरू भारतातलेच का लागले? कारण गुरूची जागा त्यांच्याकडे फार पूर्वीपासून रिकामी होती. बाराव्या शतकात इटलीतल्या कालाब्रियात फिओरेचा योआकिम या मठाधिपतीने इतिहासाची तीन युगं सांगितली होती: पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं. तिसऱ्या युगात माणसाला ईश्वराचं ज्ञान थेट होईल, चर्चच्या अधिकाराची गरज उरणार नाही. नव्या युगाची ही वाट युरोप तेव्हापासून पाहत आला आहे. १९०९ साली अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर लेडबीटर या इंग्रज थिऑसफिस्टाने एक तेलुगू मुलगा निवडला आणि त्याच्यावर ती वाट लादली. जगद्गुरू होण्यासाठी जिद्दू कृष्णमूर्तींना घडवण्यात आलं, १९११ साली त्यांच्यासाठी संघ काढला गेला. जर्मनीतल्या थिऑसफिस्टांपैकी बहुसंख्य लोक तेवढ्यावरून रुडॉल्फ स्टायनर यांच्यामागे बाहेर पडले, कारण त्यांना ख्रिस्ताच्या जागी हिंदू मुलगा पटेना. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमध्ये ओमेन इथल्या मेळाव्यात कृष्णमूर्तींनी स्वतःच तो संघ विसर्जित केला, अनुयायी नाकारले आणि भक्ताने दिलेला वाडा-जमीन परत केली. भारतीय माणूस त्या जागेवरून उठून गेला. वाट पाहणं मात्र थांबलं नाही. ॲलिस बेली यांच्या लेखनातून ते पुढे चालू राहिलं, आणि एप्रिल १९८२मध्ये स्कॉटलंडच्या बेंजामिन क्रीम यांच्या अनुयायांनी जगातल्या मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन कळवलं की ख्रिस्त आता आला आहे.